बारा पराती आणि गुलाबी हातमोजे

करुणा शिकवायला आम्ही बावीस मुलांना बसमध्ये घालून बीड जिल्ह्यात नेलं. नगरमध्ये करुणेची सोय नव्हती असं नाही. आमच्या चर्चच्या फाटकाशी दर रविवारी एक म्हातारा बसतो, त्याच्या उजव्या हाताला बोटं नाहीत. लग्नाच्या गाड्या येतात तेव्हा त्याला जरा पलीकडे सरकायला सांगण्याचं काम मंडळीनं माझ्याकडेच दिलेलं आहे. पण तो पडला रोजचा. त्याच्यासाठी बॅनर कोण छापणार?

मी सुमती. तीस वर्षं नगरच्या एका शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारी मुलांना येशूच्या गोष्टी सांगतात त्या वर्गात, शिकवायला लागले. मुलं टीचर म्हणतात, मोठी माणसं सुमतीबाई म्हणतात, आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. हे वर्णन मंडळीच्या नाताळ अंकासाठी मागितलं होतं. संपादकांना काहीतरी उद्बोधक हवं होतं. त्यांनी हे छापलं तर मी त्यांना घरी बोलावून केक खाऊ घालीन.

सहलीची कल्पना विल्सन सरांची. विल्सन सर आमच्या शब्बाथ शाळेचे सुपरिंटेंडंट. त्यांना कुठलंही चांगलं काम फोटोच्या चौकटीत बसतं की नाही हे आधी दिसतं, काम नंतर दिसतं. नाताळच्या आधी मुलांना आजारी आणि टाकलेल्या माणसांवर प्रेम करायला शिकवायचं ठरलं. धडा मी घेतला. येशूनं कुष्ठरोग्याला हात लावून बरं केलं ती गोष्ट सांगितली आणि तिचं नाटक बसवलं. येशू व्हायला नऊ मुलं तयार होती, कुष्ठरोगी व्हायला एकही नाही. मग ज्यानं पाठांतर केलं नव्हतं त्याला मी कुष्ठरोगी केलं. शिक्षा म्हणून! त्याला खडूची पूड फासली, पायाला बँडेज गुंडाळलं, आणि येशू झालेल्या मुलानं त्याला हात लावला तेव्हा अख्खा वर्ग "ईऽऽ" म्हणाला. मीही हसले. तीस वर्षांचा अनुभव होता मला.

या सगळ्याचा कळस म्हणून धारूरजवळच्या एका कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत जायचं होतं. येशूनं जसे शिष्यांचे पाय धुतले तसे बारा मुलांनी तिथल्या बारा म्हाताऱ्यांचे पाय धुवायचे, बाकीच्यांनी गाणं म्हणायचं. पालकांच्या ग्रुपवर लगेच धांदल उडाली. मी डॉक्टरांना विचारून सविस्तर लिहिलं की ही औषध घेऊन कधीच बरी झालेली माणसं आहेत, त्यांच्यापासून कुणाला काही होत नाही. सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले. मग एकेकानं मला वेगळं विचारलं, "पण हातमोजे असतील ना?"

हातमोजे मीच आणले. भांडी घासायचे जाड रबरी, गुलाबी, कोपरापर्यंत येणारे. दवाखान्यातले पातळ मोजे फाटतात असं एका आईचं म्हणणं पडलं. मोठ्यांच्याच मापाचे मिळाले. नऊ वर्षांच्या मुलांच्या हातात ते बदकाच्या पायांसारखे दिसत होते.

शुक्रवार : नगर ते धारूर

जामखेड मागे पडलं की रस्ता चढायला लागतो आणि बालाघाटचे बोडके डोंगर सुरू होतात. डिसेंबरचा पहिला आठवडा. तुरीला शेंगा भरलेल्या, ज्वारी गुडघाभर, सीताफळीच्या झुडपांची पानं गळालेली. वस्त्यांवर घरटी कुलूप दिसत होतं, कारण माणसं ऊसतोडीला गेलेली. आमच्याकडे दिवाळीनंतर घरं पाहुण्यांनी भरतात, इथे रिकामी होतात. मुलांनी विचारलं तेव्हा मी त्यांना दख्खनच्या पठाराची उंची सांगितली.

पाटोद्याला चहा झाला आणि पुढे मांजरसुंब्याच्या अलीकडे बसवर बांधलेला बॅनर सुटला. 'करुणा यात्रा', खाली विल्सन सरांचा हसरा फोटो. तो उडाला तो थेट एका तुरीच्या रानात. विल्सन सर चुरमुऱ्याएवढं तोंड करून मागे धावले. तिथे शेळ्या राखणारा एक माणूस उभा होता, त्यानं बॅनर उचलून नीट घडी घातली.

"कुनीकडं चाललाव?" त्यानं विचारलं.

विल्सन सरांनी वसाहतीचं नाव सांगितलं.

"महारोग्याच्यात? ते कावून?"

"प्रेम द्यायला," विल्सन सर म्हणाले.

त्या माणसानं बॅनर त्यांच्या हातात दिला नाही. बांधावर ठेवला, दोन पावलं मागे सरला आणि हात धोतराला पुसले. बसमधली मुलं खूप हसली. "टीचर, किती अडाणी आहेत ना लोक!" एक जण म्हणाला. त्याच्या मांडीवरच्या पिशवीत गुलाबी मोजे होते. मी त्याला म्हटलं, हो बाळा, म्हणूनच शिक्षण घ्यायचं.

धारूरचा किल्ला उजेड असताना दिसला, तो पाहायला वेळ नव्हता. वसाहत गावापासून लांब, उताराच्या माळावर. दोन रांगांत घरं, चुन्यानं पांढरी केलेली, दारात शेळ्या आणि तुळस. मुलांना वाटलं होतं काहीतरी भयंकर दिसेल. चेहऱ्यावर थोडी निराशाच दिसली मला.

वसाहतीचे कारभारी भानुदासतात्या. सत्तरीचे, बोटं आत वळलेली, जीभ मात्र सरळ. त्यांनी आम्हाला पिंपळाखाली बसवलं आणि मुलांपुढे केळी, उकडलेली अंडी आणि मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगा ठेवल्या. चहा नाही, पोहे नाहीत. आमच्याकडे पाहुण्याला चहा विचारला नाही तर दोन पिढ्या बोलणं बंद होतं. विल्सन सर माझ्या कानात म्हणाले, गरीब आहेत बिचारे. तात्यांना ऐकू गेलं असावं.

"गरीब न्हाई, सायेब. बाहेरच्या मानसाला आमी सालाचंच देतो," ते म्हणाले. "शेंग, केळ, अंडं, सीताफळ. वरून साल काडली की आत आमचा हात न्हाई. तुमाला खाता येतं, आमाला वाडता येतं. पन्नास वर्सं झाली ह्या रीतीला."

मी वहीत लिहून घेतलं. मनात म्हटलं, किती छान, मुलांना सांगायला हवं. शेंगा फार चवदार होत्या. मी त्या दोन बोटांनी सोलून खात होते आणि मला काहीच टोचलं नाही.

रूथ तेवढ्यात कुठेतरी गेली होती. रूथ आमच्या वर्गातली नऊ वर्षांची मुलगी. गाण्यात बेसूर, पाठांतरात ढ, आणि प्रश्न विचारून पुरेवाट करणारी. ती एका घराच्या ओट्यावर सापडली. मुक्ताबाई नावाची एक म्हातारी बादलीपुढे पाय सोडून बसली होती आणि रूथ तिच्याशेजारी. शेजारची सून आली, तिनं बादलीत कोपर बुडवलं, "घाल, आत्या," म्हणाली, आणि मग म्हातारीनं पाय पाण्यात सोडले.

"तिनं आधी हात कावून घातला?" रूथनं विचारलं. तासाभरात तिनं 'का'साठीचा तिथला शब्द उचलला होता.

"मपल्या पायाला कळत न्हाई, माय," मुक्ताबाई म्हणाली. "चुलीतला इस्तू ठिवला तरी कळायचा न्हाई. रोज पाय भिजवावं लागत्यात, न्हाईतर कातडं फुटतं. म्हून ज्याच्या हाताला कळतं त्यानं पानी बघायचं. कुनाचा हात पान्यात गेल्याबिगर हितं कुनी पाय घालीत न्हाई."

मग तिनं शेजारच्या गाठोड्यातून एक लग्नपत्रिका काढून रूथला वाचायला दिली. मुक्ताबाई धनगराची लेक. लग्नानंतर दोन वर्षांनी पाठीवर चट्टा उठला, सासरच्यांनी माहेरी धाडलं आणि माहेरहून भावानं बैलगाडीत घालून या फाटकाशी आणून सोडलं. त्याला चाळीस वर्षं झाली. भाऊ गेला. गेल्या महिन्यात त्याचा मुलगा दत्ता, पाटोद्याच्या बाजारात शेळ्यांचा व्यापार करतो तो, स्वतः पत्रिका घेऊन आला. त्याच्या मुलीचं लग्न पुढच्या आठवड्यातल्या रविवारी. चाळीस वर्षांत माहेरचं पहिलं बोलावणं.

"पायाला वरीसभर जखम व्हती," मुक्ताबाई मला म्हणाली. "आंबेजोगाईच्या डाक्टरीनबाईनं बरी केली. महिना झाला पट्टी सुटून. पट्टी आसती तर म्या गेलेच नसते. लोकं आदी पाय बघत्यात, तोंड मागून. पट्टी दिसली की म्हनत्यात रोग उलटला."

तिनं पाय वर करून दाखवला. टाचेजवळ गुलाबी, नवी कातडी होती. मी "वा, छान," म्हटलं आणि रूथला हाताला धरून घेऊन आले, कारण यादीप्रमाणे हजेरी घ्यायची होती.

शनिवार : पाय धुणे

सकाळी माळावर चांगलाच गारठा होता. पिंपळाखाली बारा खुर्च्या मांडल्या, बारा पराती ठेवल्या. विल्सन सरांनी तिपाईवर फोन लावला आणि खुर्च्यांची जागा तीनदा बदलली, कारण तात्यांच्या मागे शेळी येत होती. पाण्याचं काम माझ्याकडे. चुलीवर दोन पातेली ठेवली. थंडी आहे, म्हाताऱ्यांना बरं वाटेल, असा माझा प्रेमळ विचार. विसणासाठी गार पाण्याची बादलीही भरून ठेवली होती.

पहिल्या खुर्चीवर मुक्ताबाई, समोर रूथ. पहिली परात मी भरली आणि विसण घालायला वाकले तर विल्सन सर ओरडले, "बाई, थांबा! जरा वाफ दिसू द्या. फोटोत फार सुंदर येतंय."

मी थांबले. परातीत हात फिरवून पाहिला. कोमट लागलं. माझ्या हातात मोजा होता, भांडी घासायचा, जाड, कढत भांडी धुता यावीत म्हणूनच बनवलेला. मुक्ताबाईनं माझा हात पाण्यात गेलेला पाहिला. तिच्या वसाहतीत पन्नास वर्षं त्याचा एकच अर्थ आहे. तिनं पाय परातीत ठेवले.

गाणं सुरू झालं. विल्सन सरांनी डोळे मिटले, एक किलकिला ठेवून. रूथ तांब्यानं पाणी घालत होती. मुक्ताबाई खुर्चीत ताठ बसून हसत होती, कारण तिला हसायला सांगितलं होतं. पहिलं कडवं झालं. रूथनं मान वर केली.

"टीचर, पाण्यात कुणी हात घातला?"

"मी घातला. गाणं म्हण."

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. मग स्वतःचा मोजा दातात धरून ओढून काढला आणि परातीत हात बुडवला.

तिची किंकाळी त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. विल्सन सरांनी नंतर तेवढा भाग कापला.

मुक्ताबाईनं स्वतःच्या पायाकडे पाहिलंच नाही. तिनं वाकून रूथचं मनगट धरलं आणि आपल्या दोन्ही वाकड्या तळव्यांत तिचा हात घेऊन गार पाण्याच्या बादलीत बुडवला. "रडू नगं माय, रडू नगं," म्हणत राहिली. हे योग्य होतं. भाजल्यावर हेच करायचं असतं, मी स्वतः मुलांना शाळेत शिकवलेलं आहे. पण मी धावले आणि रूथचा खांदा धरून तिला मागे खेचलं.

"हात सोडा तिचा!" मी म्हणाले.

भाजलं होतं ते हातानं नव्हे. तरी माझ्या तोंडून हेच निघालं आणि बारा खुर्च्यांनी ऐकलं. मुक्ताबाईनं हात सोडला. दोन्ही हात पदराखाली घेतले. "गार पान्यात ठिवा तिचा हात, बाई," ती म्हणाली. "म्या न्हाई लावीत."

तेव्हा कुठे कुणीतरी तिच्या पायांकडे पाहिलं. घोट्यापर्यंत लाल झाले होते आणि टाचेजवळची ती नवी कातडी सालीसारखी सुटून आली होती. बाकीच्या अकरा पराती अजून रिकाम्या होत्या, एवढीच देवाची कृपा.

बसमधून दोघींना अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. रूथची बोटं नुसती लाल झाली होती, मलमावर भागलं. मुक्ताबाईच्या दोन्ही पायांना पट्ट्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मुक्ताबाईला नावानं ओळखत होत्या. वर्षभर त्यांनीच तो पाय बरा केला होता.

"पाणी कुणी बघितलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"हातानं?"

मी मोज्यांबद्दल सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर लिहिलं की पाय जमिनीला टेकवायचा नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी मला भांडता येतं.

बाहेर बाकावर बसले होते तर रूथच्या आईचा फोन आला. तिला ग्रुपवरून कळलं होतं. तिचा पहिला प्रश्न असा : "टीचर, तिला त्यांच्यापैकी कुणी हात लावला नाही ना?" बोटं किती भाजली हे तिनं नंतर विचारलं. तोवर विल्सन सरांनी पहिल्या कडव्याचे फोटो टाकलेही होते. वाफ खरंच सुंदर आली होती. खाली मंडळी लिहीत होती, धन्य ती लेकरं.

रविवार : वसाहत, मग पाटोदा

सकाळी विल्सन सरांनी मुलांना सांगितलं की चांगल्या कामात सैतान विघ्न आणतो. सैतानाला कुणी हातमोजे आणून दिले ते त्यांनी सांगितलं नाही. मी उठून मुक्ताबाईच्या घरी गेले.

ती चुलीपुढे पाटावर बसली होती, पट्ट्या बांधलेले दोन्ही पाय पोत्यावर लांब सोडून, आणि त्या वळलेल्या हातांनी भाकरी थापत होती. तिची भाकरी गोल होत होती. माझी होत नाही. शेजारी रूथ बसून लसणाच्या चटणीशी भाकरी खात होती, डाव्या हातानं, कारण उजव्याला मलम होतं. तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

"मुक्ताबाई, चुकलं माझं," मी म्हणाले.

मला वाटलं होतं ती म्हणेल, असू द्या. गरीब माणसं असू द्या म्हणतात असा आमचा समज असतो, त्या भरवशावरच आपण माफी मागायला जातो.

"चुकलंच की," ती म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "चाळीस वर्सानी बोलावनं आलतं. आमच्या पायाला कळत न्हाई. तुमच्या हाताला काय झालतं?"

तिनं कोपऱ्यातली टोपली ओढली आणि मूठभर तुरीच्या शेंगा माझ्यापुढे ठेवल्या. पाहुण्याची रीत. रूथला भाकरी, मला सालाचं.

"भाकरी द्या ना," मी म्हटलं.

तिनं आधी भाकरी उलटली, दुसरी बाजू शेकली. मग तव्यावरची भाकरी काढून माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली. मला वाटलं होतं खाल्ल्यावर मनावरचं ओझं उतरेल, निदान तिचा चेहरा निवळेल. तसं काही झालं नाही. भाकरी फक्त चांगली होती, आणि पहिला घास तोडण्याआधी मी थांबले होते ते तिनं पाहिलं होतं.

निघताना तिनं एक पिशवी दिली. आत नवरीसाठी हिरवी साडी आणि खण. "जाताना पाटोद्यात दत्ताला द्या. सांगा, आत्याला ताप आलाय. पायाचं काई बोलू नगा."

पाटोद्याच्या स्टँडवर दत्ता मोटारसायकलवर आला. चाळिशी ओलांडलेला, मानेभोवती रुमाल. मी त्याला तापाचं सांगितलं नाही. मला खरं बोलायची हुक्की आली. म्हटलं, पाय आमच्या चुकीनं भाजलाय, रोग वगैरे काही उलटलेला नाही.

"खरं आसंल, बाई," तो म्हणाला. "पर पट्टी दिसली की लोक इचारत्यात. पोरीच्या सासरचे समदे येनार. त्येंना कोन सांगत बसंल?"

"मी सांगते," मी म्हणाले. "मी तिला गाडीत घालून आणते. मांडवात सगळ्यांपुढे सांगते की पाणी मी तापवलं, पाय मी भाजला."

"तुमी कावून?"

तो उद्धटपणे म्हणत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. मी म्हटलं, चूक माझी आहे म्हणून. त्यानं पिशवी हँडलला अडकवली, रुमालानं तोंड पुसलं. "मग आना तिला," तो म्हणाला. "तुमी सांगनार आसाल तर आना. माझ्या बापानं सोडलं तिला, मला काई ते बरं वाटत न्हाई. पुढल्या रविवारी बाराचं लगीन हाय."

रूथ बसच्या खिडकीतून सगळं ऐकत होती. तिथूनच मी तात्यांना फोन लावला आणि मुक्ताबाईला निरोप दिला की रविवारी सकाळी तयार राहा, मी न्यायला येते. मग तात्या म्हणाले, "ती रडतीया, बाई. या तुमी." जामखेड येईपर्यंत मी स्वतःवर इतकी खूश होते की काय सांगू.

पुढचा रविवार : नगर

सोमवारी गाडी ठरवली. बुधवारी विल्सन सरांनी कळवलं की सहलीचा अहवाल रविवारच्या उपासनेनंतर आहे, मुलांना बक्षिसं आहेत आणि करुणेवर बोलायला मलाच उभं राहायचं आहे. गुरुवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी आठवण करून दिली. शुक्रवारी रूथच्या आईनं विचारलं की तुम्ही पुन्हा तिकडे जाणार म्हणतात ते खरं का, आणि मग मुलांमध्ये येणार का. शनिवारी सकाळी मला आठवलं की पाय जमिनीला टेकवायचा नाही असं डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं. एवढ्या लांबचा प्रवास तिला झेपेल का? माझा जीव तिच्यासाठी तुटला. मी तात्यांना फोन करून सांगितलं की डॉक्टर प्रवास नको म्हणतात.

तात्यांनी तिला सांगितलं. मला तिचा आवाज ऐकू आला. "बरं," ती म्हणाली. तेवढंच.

रविवारी हॉल भरला होता. भिंतीवर मोठा फोटो : वाफ, परात, गुलाबी मोजे, मुक्ताबाईचं हसू. मी करुणेवर दहा मिनिटं बोलले. बरं बोलले, दोघीतिघींनी डोळे पुसले. मी बोलत होते तेव्हा घड्याळात बारा वाजून गेले होते. मग विल्सन सरांनी एकेका मुलाला विचारलं, सहलीत काय शिकलास? प्रेम, एक जण म्हणाला. सेवा, दुसरा म्हणाला. विल्सन सरांचा मुलगा 'करुणा' म्हणाला आणि टाळ्या झाल्या.

रूथ उभी राहिली. "पाणी आधी आपल्या हातानं बघायचं," ती म्हणाली. "मोजा काढून."

लोक हसले. विल्सन सरही हसले. "ते ठीक आहे, बेटा. पण येशूबद्दल काय शिकलीस?"

रूथ गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिली. "तेच," ती म्हणाली.

पहिलं बक्षीस करुणेला मिळालं. विल्सन सरांचा मुलगा कप घेऊन माझ्याशेजारी फोटोला उभा राहिला, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बाहेर चहा चालला होता तेव्हा रूथ माझ्यापाशी आली. बोटांवरचं मलम अजून चमकत होतं.

"टीचर, आजीला आणायला तुम्ही कावून नाही गेलात?"

"डॉक्टर प्रवास नको म्हणाले, बाळा."

"तुम्ही त्यांना विचारलं?"

"विचारलं," मी म्हणाले. "बिस्किट घे."

मी कुणाला विचारलं नव्हतं. दवाखान्याचा नंबर माझ्या पर्समध्ये घडी घातलेल्या कागदावर होता आणि तो कागद मी उघडलाही नव्हता. रूथनं बिस्किट घेतलं नाही. तिनं मान खाली करून माझ्या हातांकडे पाहिलं, त्या सकाळी पाहिलं होतं तसंच. या वेळी माझ्या हातात मोजे नव्हते.